दोन्ही फिल्ममध्ये काळे

१४ एप्रिल २००३

दवाखान्याने कळवल्यामुळे आज पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागला. सून मनस्विनी मागीलदारच्या जांभ्याच्या पायरीवरून घसरली, एकदाच, माझ्या देखत. तीन विधाने, तिन्ही असत्य. मी खोलीत होतो. पाहिले काहीच नाही, ऐकले सर्व. आंब्याच्या पेटीची फळी तिच्या गुडघ्यावर चार वेळा आदळली. चौथ्या वेळी फळी मोडली. माझा मुलगा यज्ञेश एकदाही ओरडला नाही. तीही नाही – नंतर फक्त ओकली.

हवालदाराने विचारले, "गुरुजी, सही मराठीत की संस्कृतात?" चाळीस वर्षे न्यायशास्त्र शिकवले, त्याचा हा उपयोग.

१७ एप्रिल

तिचे वडील हरिश्चंद्र दापोलीहून आले. गुडघा नारळाएवढा सुजलेला. "पायरी चार-चार वेळा लागते काय हो, व्याही?" कोल्हापूरला नेऊन एमआरआय करायचे ठरले. यज्ञेशची अट: अप्पा बरोबर जातील. म्हणजे मी, जबाब राखायला.

माझी पत्नी मालिनी हिने सुनेची पिशवी भरली. देवापुढे उभ्यानेच हात जोडले. तिला खाली बसता येत नाही. वात.

१९ एप्रिल, कोल्हापूर

फिल्म उजेडावर लावल्या. सांध्यात काळे डाग. मी मनाशी सिद्धान्त मांडला: तम हे द्रव्य नव्हे, तेजाचा अभाव. जिथे काळे, तिथे काही नाही. बरे वाटले.

डॉक्टर महरीन मूळच्या आमच्याच गावातल्या, राजिवडा मोहल्ल्यातल्या. म्हणाल्या, "उलटं आहे, काका. इथं काळं म्हणजे काहीतरी आहे. हा डाग एका फिल्ममध्ये काळा, दुसरीत पांढरा – तो ताजा मार, आठवड्याच्या आतला. आणि हे बघा, दोन्हींत काळं. हे जुन्या रक्तातलं लोह. सांध्यात पुन्हा पुन्हा रक्त उतरल्याशिवाय एवढं साचत नाही."

मी प्रतिवाद केला. रक्ताचाच दोष असेल? "तपासला. नाही." एखादा गाठीचा आजार? "मग हाडावर तीन जुने, भरून आलेले मार कसले?"

अन्वय पूर्ण, व्यतिरेकही पूर्ण: मार तिथे डाग, मार नाही तिथे डाग नाही. अनुमानाचा इतका निर्दोष हेतू मी वर्गातही कधी मांडला नसेन.

मनस्विनी भिंतीकडे पाहत म्हणाली, "लग्नाला दोन वर्षं झाली, अप्पा."

२० एप्रिल

घरी परतलो. मालिनीने विचारले, काय निघाले? फिल्मचा नियम समजावून सांगितला. तिने "दोन्हींत काळं" हे शब्द दोनदा स्वतःशी म्हटले आणि फिल्मचे पाकीट माझ्या हातून घेतले.

२१ एप्रिल

यज्ञेशने पाकीट मागितले. नाही म्हणालो. त्याने माझा डावा पंजा चौकटीवर दाबून धरला आणि दार लोटले. दोन बोटे मोडली. आवाज सुक्या काटकीसारखा, स्पष्ट. "तुम्ही? मला तुम्ही शिकवणार, अप्पा?" तो हसत होता. मग कपाट फोडले, पुस्तके अंगणात फेकली, माझी खुर्ची भिंतीवर आपटली. पाकीट तांदळाच्या कणगीत होते. मालिनी कणगीला टेकून उभी राहिली. हलली नाही.

२२ एप्रिल

उजवा हात शाबूत आहे. नवा जबाब लिहिला; पहिला मी जाणूनबुजून खोटा दिला होता, हेही. फिल्म हरिश्चंद्रांच्या स्वाधीन केल्या. मनस्विनी त्यांच्याबरोबर गेली. जाताना माझ्या पाया पडली नाही. योग्य केले.

२३ एप्रिल

दुपारी पोलीस यज्ञेशला घेऊन गेले. मी त्यानंतर जेवलो.

मालिनी माझ्या बोटांची पट्टी बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "माझाही गुडघा एकदा त्या मशीनमध्ये घाला. दोन्हींत काळं येईल."

वात हा शब्द तिने कधीच उच्चारलेला नाही. तीस वर्षे तो लोकांना मीच सांगत आलो.