खालची खोली कोणाला

मी, पाट्या रंगवणारा, वय एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवतो. दडपण आणू शकतील असे लोक खाली बसले आहेत, म्हणून दाराला आतून कडी लावली आहे.

१. वरची खोली आणि बँकेतली शिल्लक सुनेला. तिने माझ्याकडे कधी काही मागितले नाही. यात काही डाव असलाच, तर तो मला अजून सापडलेला नाही.

२. ब्रश आणि रंगही तिलाच. शिडी मात्र पुतण्याला देऊ नये. तो आधीच पुष्कळ वर चढला आहे.

३. खालच्या खोलीत चाळीस वर्षे आमच्या डाव्या पक्षाचे कार्यालय आहे. यंदा निवडणुकीत सपाटून आपटलो. लगेच नवउभारणी समिती निघाली, पुतण्या तिचा प्रमुख. पूर्वी तो महिनोन्‌महिने फिरकत नसे. आता रोज माझ्या गोळ्यांची चौकशी करतो. खोली पक्षाच्या नावे करा, असे अजून म्हणालेला नाही. पण भिंतींची मापे घेऊन गेला आहे.

४. आमची रीत अशी: निकालानंतर दारोदार जायचे, "आमचं काय चुकलं?" म्हणून विचारायचे आणि उत्तर त्या माणसाच्याच शब्दांत कागदावर उतरवायचे. त्यावरून पुढचे धोरण ठरते. यंदा सहाशे घरांचे कागद तीन दिवसांत आले. चाळून पाहिले, तर सगळी उत्तरे एकाच तोंडातून निघाल्यासारखी. माझ्या नावाचाही कागद होता: "पक्षावर ठाम विश्वास." मला कोणी विचारलेच नव्हते.

पुतण्याला गाठले. तो म्हणाला, "काका, तुम्हाला काय विचारायचं? तुम्ही तर घरचेच!"

घरच्याने यंदा पक्षाला मत दिलेले नाही. धुलाई कारखान्यातल्या बायका पगारकपातीची तक्रार घेऊन आल्या, तेव्हा पक्षाच्या लोकांनी "बैठक चाललीय, उद्या या" म्हणून खालच्या खोलीचे दार त्यांच्या तोंडावर लावले. मी जिन्यात उभा होतो.

५. सबब, खालची खोली त्या बायकांच्या संघटनेला. पक्षाला तिथे बसायचे असेल, तर आधी सहाशे दारे खरोखर ठोठावावीत आणि मग त्यांच्याकडे जागा मागावी.

६. कागद खोटे हे म्हाताऱ्याने कसे ओळखले, असे पुतण्या कोर्टात विचारील. पंधरा वर्षांपूर्वी हरलो, तेव्हा गुडघा दुखतो म्हणून दोन गल्ल्यांचे कागद मी इथेच बसून लिहिले होते. सभेत ते वाचले गेले, टाळ्या पडल्या. मला त्याची आजही लाज वाटते. धुलाईच्या बायका त्याच दोन गल्ल्यांत राहतात. हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्यानंतरही त्यांनी खोली घेतली, तर ते माझ्यावर उपकार होतील.

साक्षीदार: समोरचा चष्मेवाला (सही), तिसऱ्या घरातल्या शिक्षिकाबाई (सही). दोघेही पक्षाचे सभासद नाहीत, खात्री करून घेतली आहे.

स्थळ: कार्यालयावरची खोली
दिनांक: निकालानंतरचा एकेचाळिसावा दिवस
(सही) पाट्या रंगवणारा