प्रिय सम्राट

५ जानेवारी

समोरच्या रिकाम्या गाळ्यात आज कुत्र्यांचं पार्लर उघडलं. रस्त्याच्या या बाजूला आपलं याच कामाचं अकरा वर्षांचं दुकान धडधडीत दिसत असताना! एक बाई एकटीच चालवते. तिशीतली असेल. दारात निळा बाक टाकलाय. मला काही फरक पडत नाही. स्पर्धा असावी, हेल्दी असते. काच पुसता पुसता सहज मोजले, दुपारपर्यंत चार कुत्रे. त्यातले दोन नुसते रस्त्यानं चालले होते, ते धरायचे नाहीत.

६ जानेवारी

काच पुन्हा पुसली. ही म्हणाली, लग्न झाल्यापासून घरातली एक काच पुसल्याचं आठवत नाही तुम्ही. मी म्हटलं, स्वच्छता हा ब्रँड असतो. मग म्हणाली, जाऊन ओळख तरी करून घ्या. का म्हणून? ती नवी, तिनं यावं.

९ जानेवारी

ती आली. मी मागे एका लॅब्राडॉरचे कान साफ करत होतो. साफ झाल्यावर आणखी अर्धा तास साफ केले, पण बाहेर आलो नाही. हिनं मात्र तिला बसवून पाऊण तास गप्पा मारल्या. वर मला सांगते, गोड मुलगी आहे हो. घरचा भेदी, दुसरं काय.

१२ जानेवारी

ऑनलाइन कोर्स घेतला. ‘ग्राहकसंवाद आणि निष्ठा, फक्त २१ दिवसांत.’ सर म्हणतात, केस काय, सगळेच कापतात. ग्राहक टिकतो तो संवादानं. मला हे आधीपासून माहीत होतं. अमलात आणायला सवड नव्हती, एवढंच.

पहिलं पाऊल आजच उचललं. दुकानाचा फोन हिच्याकडून काढून घेतला. अकरा वर्षं फोन हिच्याकडे, आणि एकेका कॉलला दहा-दहा मिनिटं. आधी कुत्र्याचं, मग मुलीच्या परीक्षेचं, मग गुडघ्याचं. याला कम्युनिकेशन म्हणत नाहीत, चकाट्या म्हणतात. आता सगळं ॲपवर. मेसेज आपोआप जाणार, आणि उलट काही आलं तर त्याचं उत्तरही आपोआप जाणार. हिनं फोन टेबलावर ठेवला आणि ड्रायर मोठ्यानं सुरू केला. पटलेलं दिसतंय.

१५ जानेवारी

ॲपमध्ये नावं भरली. दोनशे बारा. सर सांगतात, ग्राहकाला नावानं हाक मारा. आपल्या वहीत नावं आहेत ती फक्त कुत्र्यांची. मालकांची कधी लिहिलीच नाहीत, मालकांचे केस थोडेच कापायचेत! कापूसचे आजोबा, टायगरची आई, ढोल्याचा बँकवाला, असंच चालत आलंय. तेव्हा ‘ग्राहकाचे नाव’ या रकान्यात कुत्र्याचं नाव टाकलं. पर्सनल टच.

सगळ्यात वर सम्राट. दुकानाचा पहिला ग्राहक. पांढराशुभ्र, गुबगुबीत, मांडीत मावणारा. त्याच्या बाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. दर सहा आठवड्यांनी गुरुवारी अकराला, अकरा वर्षं, एकदाही चुकलेला नाही. समोरचीकडे किती का जाईनात, सम्राट आपला आहे.

१६ जानेवारी

पहिला मेसेज सुटला. ‘प्रिय ढोल्या, एव्हाना तुमच्या अंगाला वास येऊ लागला असेल. लाजू नका, आम्हाला भेटा.’ ढोल्याचा बँकवाला त्या वेळी मीटिंगमध्ये होता म्हणे, आणि त्याचा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला. संध्याकाळी दुकानात येऊन बोलून गेला. बरंच बोलला. म्हणजे मेसेज वाचले जातात! पहिल्याच दिवशी एवढा प्रतिसाद.

६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी ३

सम्राट आला नाही. सकाळी टेबल पुसून ठेवलं होतं. त्याचा बारीक दातांचा कंगवा काढून ठेवला होता. बारा वाजले, एक वाजला. ही म्हणाली, बाईंना एक फोन करा ना, काही बरं-वाईट असेल. मी म्हटलं, सिस्टिम बघून घेईल. आणि घेतलंच तिनं. दोनला मेसेज गेला, ‘प्रिय सम्राट, आज तुमची फार आठवण आली!’ आपण स्वतः फोन केला की आपल्याला गरज आहे असं दिसतं. सर म्हणतात, गरज दाखवायची नाही.

न वाचलेले मेसेज ४७ दिसतात. उत्तरं गेलेलीच आहेत, मग वाचून काय करायचं?

२१ फेब्रुवारी

लॉयल्टी कार्ड छापून आलं. दहा आंघोळींवर एक नखकापणी फुकट. टायगरनं आपलं कार्ड काउंटरवरच खाल्लं. ही हसली ते हसली, समोरच्या बाकावरचेही हसले. काचेतून सगळं दिसतं.

तिच्याकडे कार्ड नाही, ॲप नाही, दारावरची पाटीसुद्धा हातानं रंगवलेली. तरी बाक भरलेला! काम झाल्यावरही लोक उठत नाहीत. ती टॉवेलला हात पुसते आणि त्यांच्याशी बोलत बसते. मालकाशी! कुत्रा राहतो बाजूला. एवढा वेळ मिळतो म्हणजे धंदा बेताचाच असणार. आज फक्त अकरा मोजले.

६ मार्च

जेवण गेलं नाही.

सम्राटच्या बाई समोरच्या दारातून बाहेर पडल्या. कुशीत पांढरं गाठोडं. हसत होत्या. अकरा वर्षांत माझ्या दुकानातून बाहेर पडताना अशा हसलेल्या मला आठवत नाहीत. ती दारापर्यंत सोडायला आली होती, खांद्यावर हात ठेवून. जसं काही सख्ख्या मावशीला निरोप देतेय.

आणि सम्राटची काय दशा केलीय! निम्मा झालाय. अकरा वर्षं मी त्याला गोल राखला, त्या कात्रीवालीनं एका बैठकीत खारीएवढा करून ठेवला. हिला काचेपाशी बोलावून दाखवलं. ही म्हणाली, अहो, तो सम्राट वाटत नाहीये. मी म्हटलं, तेच तर सांगतोय! ओळखू येऊ नये इतका कापलाय.

हो, जळतो मी. इथे कोण वाचायला बसलंय? बाकीचे दोनशे अकरा घेऊन जा म्हणावं, याला हात लावायचा नव्हता.

७ मार्च

खास मोहीम आखली: ‘सम्राट परत आणा.’ रोज सकाळी नऊला एक मेसेज, आठ दिवस. आजचा असा: ‘प्रिय सम्राट, तुम्ही फार बारीक झालात, काळजी वाटते.’ उद्याचा: ‘नवीन मित्र मिळाले तरी जुने विसरू नयेत.’ जिव्हाळाही आहे, टोमणाही आहे. ही म्हणते, त्यापेक्षा बाईंच्या घरी जाऊन या, दहा मिनिटांचा रस्ता. जाईन की. आधी त्यांनी उत्तर द्यावं.

१४ मार्च

उत्तर आलं असेल तर त्या १०० मध्ये असेल. न वाचलेले मेसेज शंभर झाले.

आज समोरचीचं गुपित हाती लागलं. तिच्याकडची एक चिठ्ठी रस्त्यावरून उचलली. म्हणजे उचलली नाही, वाऱ्यानं पायाशी आली. वर लिहिलंय, ‘आज काय दिसलं.’ खाली, ‘डाव्या कानात किंचित लाली. दोन दिवस बघा, वाढली तर डॉक्टरांना दाखवा. ड्रायरला भीत नाही, पण दार आपटलं की दचकते. काही वाटलं तर केव्हाही फोन करा.’

हात्तिच्या! एवढंच होय? माणसाला घाबरवून सोडायचं. घाबरलेला ग्राहक कुठे जातो?

१७ मार्च

आपल्याही चिठ्ठ्या सुरू. अडचण एवढीच की बऱ्याच कुत्र्यांना काही झालेलंच नसतं. कोरी चिठ्ठी कशी द्यायची? डोकं लढवलं. कापूसला: ‘जीभ नेहमीपेक्षा लांब वाटते. लक्ष ठेवा.’ टायगरला: ‘शेपूट डावीकडे जास्त हलते. कारण शोधावे.’ ढोल्या आलाच नाही, त्याला मेसेजनं पाठवली: ‘नजर खोल गेली आहे.’ ही म्हणाली, न बघता कशी कळली नजर? या बाईला मार्केटिंगचा गंध नाही.

२० मार्च, गुरुवार

सम्राटची पुढची तारीख. माहीत होतं येणार नाही. टेबल पुसलं. कंगवा काढला आणि परत ठेवला.

ही जाता जाता म्हणाली, बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही. मी म्हटलं, दोन महिन्यांत अडीच हजार मेसेज पाठवलेत, आणखी किती बोलायचं?

२४ मार्च, सायंकाळी ६

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. मला वाटलं, त्यांच्या शिकारी कुत्र्याला घेऊन आलेत. तर हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा. आठवडाभरात नऊ जण धावत दवाखान्यात आलेले. कापूसच्या आजोबांनी तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही, कुत्र्याची जीभ फूटपट्टीनं मोजत बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, लाज वाटत नाही का? मी म्हटलं, हा ग्राहकसंवादाचा भाग आहे. ते म्हणाले, संवाद गेला खड्ड्यात.

ते दारापर्यंत गेले आणि वळले. आवाज एकदम खाली आला. म्हणाले, आणि निदान त्या शाळेच्या बाईंना मेसेज पाठवणं बंद करा हो. सम्राटला जाऊन दीड महिना उलटला. मीच होतो शेवटी जवळ. आत्ता आहे ते पिल्लू आहे, मीच त्यांना मिळवून दिलंय.

मी म्हटलं, शक्य नाही, मला कोणी कळवलं नाही.

डॉक्टर गेले. हिनं फोन माझ्यासमोर आणून ठेवला. न वाचलेले ११३. खाली खाली गेलो. ३ फेब्रुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटं:

‘सम्राट काल गेला. त्रास झाला नाही. गेल्या आठवड्यातही तुमच्या कोपऱ्यावर आलो की दुकानाकडे ओढायचा. तुम्ही त्याचं इतकं केलंत, तुम्हाला सगळ्यात आधी कळवावंसं वाटलं.’

त्याखाली, सात वाजून दहा मिनिटांनीच, आपलं उत्तर:

‘प्रिय सम्राट, आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार! पुढील आंघोळीवर दहा टक्के सूट.’

आणि त्याखाली ओळीनं बाकीचे सगळे. आठवण आली. बारीक झालात. जुने मित्र विसरू नयेत.

ही बाजूला उभी राहून वाचत होती. तिला रडू आलं. मला म्हणाली, फोन माझ्याकडे असता तर मी तेव्हाच गेले असते.

२५ मार्च, सकाळी १०

रात्रभर मनात जुळवून ठेवलेलं माफीपत्र सकाळी बाईंना पाठवलं. साधं, मनापासून. एकही टोमणा नाही. पाठवल्यावर बघतो तर ॲपनं सवयीप्रमाणे वर ‘प्रिय सम्राट’ घातलेलं.

ॲप काढून टाकलं. फोन हिला दिला. चपला घालतोय.

२५ मार्च, दुपारी १

जाऊन आलो.

बाईंनी दार उघडलं. मी वाटेत चार वाक्यं घोकली होती, एकही आठवेना. मला माहीत नव्हतं, एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, ते मला कळलं होतं. बसा.

मग त्यांनीच सांगितलं. फेब्रुवारीत एकदा त्या दुकानापर्यंत आल्या होत्या. सम्राटचे टॉवेल पिशवीत घालून, दुसऱ्या कुत्र्यांना उपयोगी पडतील म्हणून. मी काच पुसत होतो. त्या काचेच्या पलीकडे, हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी त्यांच्या खांद्यावरून समोर बघत होतो आणि तोंडानं आकडे मोजत होतो. त्या थोडा वेळ थांबल्या आणि पिशवी घेऊन समोर गेल्या. तिनं पिशवी घेतली आणि विचारलं, कसा होता तो? तासभर बोलत बसल्या म्हणे त्या निळ्या बाकावर.

मी म्हटलं, या पिल्लाचं पहिलं वर्ष माझ्याकडून, काही देऊ नका. बाईंनी मान हलवली. रागावून नाही, पोरांना गणित समजावतात तशी. म्हणाल्या, केस तुम्हीच छान कापता हो, तुमच्यासारखी गोल कापणी तिला जमत नाही. पण मी पिल्लाला समोरच नेईन. तिथे बोलता येतं.

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात ते पिल्लू धडपडत आलं आणि माझ्या पायावर बसलं. मादी आहे. नाव विचारलं तर बाईंनी आधी नाव सांगितलं, मग हिला काय आवडतं, कशाला भिते, कुठे झोपते, सगळं सांगितलं. पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. ऐकता ऐकता सवयीनं पंजा हातात घेतला आणि नखं बघायला लागलो. म्हटलं, इथे तरी सापडेल. कुठेतरी कड राहिली असेल, एखादं जरा जास्त आत कापलं असेल, निदान अंगठ्याचं तरी समोरची विसरली असेल. चारही पंजे उलटे करून बघितले, पुढची पाच-पाच, मागची चार-चार.

सगळी नीट कापलेली होती. अठराच्या अठरा.