शिफ्ट धरून आर

२८ एप्रिल, सोमवार
चव्वेचाळीस डिग्री! आणि नोकरी कुठं — तर शीतगृहात. संत्री सहा डिग्रीत आरामात पडून राहिली, आणि त्यांची थंडी सांभाळणारी कॉम्प्युटरची मशीन अन् मी, दोघी पत्र्याच्या खोलीत भाजून राहिलो. कूलर मागितला तर मॅनेजर मधुसूदन सर म्हणतात, "बजेटमध्ये नाही बसत." बर्डीच्या बाजारातून छोटासा यूएसबीचा पंखा आणला, मशीनच्याच मागे खोचला. केस तरी उडतात.

२९ एप्रिल
सरांचा नवा शौक! मशीनची काळी स्क्रीन त्यांच्या केबिनमध्येही पायजे. लांब वायर टाकून दुसरा कन्सोल, म्हणजे तशीच आणखी एक स्क्रीन, जोडून दिला. मग म्हणतात, "नंदिनी, हे काय सरसर चालून राहिलं? व्यापारी येतात, बरं नाही दिसत." झालं. कर्नलचे, म्हणजे मशीनच्या मुख्य प्रोग्रामचे, मेसेज स्क्रीनवर येणं बंद केलं. म्हणजे मशीनच्या पोटात दुखलं की ती जे ओरडते, ते आता मनातल्या मनात. सर खुश.

२ मे, शुक्रवार
मशीन जाम. तीन नंबरची खोली चोवीस डिग्रीवर गेली तरी कोणाले पत्ता नाही. शंभर क्रेट संत्री पिलपिली. सरांनी आल्या आल्या बटन दाबून मशीन बंद-चालू केली — अन् मेमरीतले सगळे मेसेज गेले भोकात! ते डिस्कवर लिहायचे नाहीत, डिस्क झिजते, ही पण सरांचीच आयडिया.

मग खापर कोणाच्या डोक्यावर? ओमप्रकाशकाकांच्या. आमचे इलेक्ट्रिशियन. सकाळी त्या खोलीत ट्यूबलाइट बदलून गेले होते बिचारे. "तुम्हीच वायर ओढली." काका म्हणाले, "मी वायरले हात नाही लावला, साहेब." एवढंच. एकतीस तारखेले त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपते. सर म्हणाले, पुढचं विसरा.

३ मे
रागानं डबाच उघडला नाही. काकांनी आपल्या डब्यातलं भरीत पुढं सरकवलं. "खाय वं पोरी. मशीनचा राग पोटावर काहून काढतं?" नोकरी त्यांची जाऊन राहिली, अन् समजूत माझी काढतात!

६ मे, मंगळवार
सापडलं! मशीन जाम झाली तरी कीबोर्डवरचा एक डाव बहुतेक वेळा चालते. ऑल्ट अन् सिस-आरक्यू (प्रिंट-स्क्रीनचीच की) दाबून ठेवायचं, आधी नऊ, म्हणजे मेसेजवरची बंदी उठते, मग शिफ्ट धरून आर. चालू झाल्यापासून जे जे गिळलं ते सगळं कर्नल परत ओकते. नऊ विसरलं तर स्क्रीन कोरीच. शिफ्ट विसरली तर लहान आर होते, त्याचं काम भलतंच.

दारावर चिठ्ठी लावली — "मशीन जाम झाली तर बटन कोणीही दाबू नये. सरांनीही!" शेवटचा शब्द मग खोडला. नोकरी मलेही पायजे.

काय निघणार, मले पक्कं माहीत आहे — सरांनी कुठून तरी उचलून आणलेली ती भंगार डिस्क! सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. लय मजा येईल.

८ मे, गुरुवार
जाम! मी तर नाचलीच. सर जेवायले घरी गेलेले. कॉम्प्रेसरवरच्या ऑपरेटरले, रजतले, फोन केला, कॉम्प्रेसर हातानं चालव. मग बसली. नऊ. आर — शिफ्ट विसरली, स्वतःलेच शिवी घातली. मग शिफ्ट धरून आर.

धडाधडा आलं सगळं. डिस्कबद्दल एक ओळ नाही! यूएसबी पोर्ट, ओव्हर-करंट — झेपेल त्याहून जास्त वीज कोणीतरी ओढून राहिलं. परत ओव्हर-करंट. परत. मग ते सगळे पोर्ट ज्यावर आहेत तो अख्खा हब बंद, त्याच हबवरचे तापमानाचे सेन्सर गायब. मग जाम.

मागे वाकून पाहिलं. त्या पोर्टात माझा पंखा होता.

कागदा, तुह्यापासून काय लपवू? पहिला विचार काकांचा नाही आला. पंखा उपटून पर्समध्ये कोंबला. मेसेज पुसायले बटनाकडं बोटही गेलं. मग आठवलं — हे ओकणं एकाच स्क्रीनवर नाही होत, जोडलेल्या सगळ्या कन्सोलवर होते. सरांच्या केबिनमध्येही! अन् गेटवर सरांच्या गाडीचा हॉर्न.

पळाली. केबिनमध्ये काका उभे. स्क्रीन कोरी. वायर त्यांच्या हातात.

"ओव्हर-करंट एवढं इंग्रजी मले येते," म्हणाले. "तुहा पंखा म्या पाह्यला होता. आता गप राय. मी तसाही जाऊनच राहिलो."

तेवढ्यात सर आत. "पाहा! म्हटलं नव्हतं? हा माणूस वायरी ओढते!"

काकांनी वायर खाली ठेवली. मी पर्स काखेत घट्ट दाबली. थू माझ्यावर.

८ मे, संध्याकाळ
मशीन अजून जामच आहे, चिठ्ठी सगळ्यांनी मानली. सरांची वायर मी परत जोडली. म्हटलं, "सर, बसा अन् स्क्रीन वाचा. काका, तुम्ही पण थांबा." इकडं येऊन नऊ दाबलं. मग शिफ्ट धरून आर. पहिल्याच झटक्यात.

भिंतीपलीकडं सर मोठ्यानं वाचून राहिले. आता आवाज थांबला. खुर्ची सरकली. पंखा पर्समधून काढून टेबलावर, दारासमोरच ठेवला आहे.