लागलंय, बाबा

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. प्रत्यक्ष आडवं व्हायला घरात जागा राहिलेली नाही, सगळीकडे खोकी आहेत.) तुझी तब्येत उत्तम असणार याची मला खात्री आहे, कारण मी केव्हाही फोन केला की वहिनी सांगते, ते आंघोळीला गेलेत. इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात याआधी झाला नाही. वहिनीची पाठ कशी आहे? आमच्याकडे सगळं ठीक. बाबांना भूक चांगली लागते, माझी नोकरी अजून आहे, आणि इमारतही, हे लिहितेय तोवर तरी, उभी आहे.

तू शेवटचा आलास तेव्हा आपल्या खिडकीतून स्टेशनचं घड्याळ दिसायचं. आता हॉटेल दिसतं. त्याच्यामागे दुसरं हॉटेल, आणि दोघांच्या फटीतून तिसऱ्याचा सांगाडा. कन्व्हेन्शन सेंटरला पाहुणे येतात म्हणून हॉटेलं बांधली, आणि आता हॉटेलं रिकामी राहू नयेत म्हणून कन्व्हेन्शन सेंटर वाढवायचंय, असं आम्हाला सभा घेऊन समजावलं. (मी विचारलं, मग हे थांबणार कुठे? साहेब म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि चहा आला.) सेंटरचा नवा हॉल आपल्या जिन्यावरून जाणार आहे. नकाशात आपलं स्वयंपाकघर शोधलं, तर तिथे पाहुण्यांचे कोट टांगायची जागा निघाली. आईने त्या ओट्यापाशी किती वर्षं काढली, आणि आता तिथे लोकांचे कोट आराम करणार. बदल्यात आपल्याला गावाच्या टोकाला फ्लॅट मिळेल, बांधून झाला की. तोवर एका चाळवजा इमारतीत एक खोली.

मी ज्या हॉटेलात चादरी-टॉवेलांचं खातं बघते, ते जुन्या बाजाराच्या जागेवर उभं आहे, हे तुला ठाऊक आहे. बाबांना मात्र ते ठाऊक असतं आणि नसतं. सकाळी असतं. संध्याकाळ झाली की बाजार परत उभा राहतो आणि फेरीची वेळ होते. तुला ती फेरी आठवते ना? बाबा आपलं कुलपांचं दुकान बंद करून सगळ्या बाजाराची दारं ओढत जायचे. प्रत्येक दार दोनदा. बहुतेकांचं पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड, त्यामुळे आतून आवाज यायचा, ‘लागलंय!’ की बाबा पुढच्या दाराला. आवाज नाही आला तर तिसऱ्यांदा ओढायचे, आणि तरीही नाही आला तर माणसं गोळा करायचे. नाडीबटणवाले काका असेच तर पडलेले सापडले होते. (स्वतः विकलेलं कुलूप फोडताना बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते काकांसाठी की कुलपासाठी, असं आई शेवटपर्यंत विचारत राहिली.)

तर गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांचं मोठं संमेलन होतं. बाबा मला शोधत हॉटेलात आले. खाली कुणाचं तरी ओळखपत्र पडलं होतं, ते त्यांनी हरवू नये म्हणून गळ्यात घातलं, आणि त्या क्षणापासून त्यांना कुणी अडवेना. जेवणाच्या हॉलमध्ये त्यांना आग्रहाने वाढलं. एका तरुण डॉक्टरने अक्कलदाढेबद्दल त्यांचं मत विचारलं. बाबा म्हणाले, जोर लावू नका, आधी तेल सोडा. तो म्हणे मान डोलावून गेला.

मग संध्याकाळ झाली आणि बाबा वरच्या मजल्यांवर फेरीला निघाले. प्रत्येक खोलीचं दार दोनदा. आता या लोकांना काय माहीत काय उत्तर द्यायचं? कुणी म्हणालं कोण आहे, कुणी म्हणालं टॉवेल नकोत. बाबा नाराज झाले, पण माणूस जिवंत आहे एवढं कळलं म्हणून पुढे गेले. एका खोलीतून मात्र काहीच नाही. तिसऱ्यांदा ओढलं, तरी नाही. मग त्यांनी अख्खा मजला गोळा केला, रखवालदाराला बोलावलं आणि दार उघडायला लावलं. आत संमेलनाचे मुख्य पाहुणे टबात बसले होते, कानांत गाणी लावून. (तेही आंघोळीला गेलेले. मला तुझी फार आठवण आली.) एवढ्या माणसांसमोर बाबा त्यांना म्हणाले, “आवाज द्यायला काय जातं हो तुमचं?”

आमच्या मॅनेजरला आम्ही इस्त्री म्हणतो, कारण त्याच्या अंगावर सुरकुती पडत नाही. त्याने मला बसवून, पाणी देऊन सांगितलं की वडिलांविषयी त्याला आदर आहे, पण ते पुन्हा हॉटेलात दिसले तर मी उद्यापासून नको. तेव्हापासून कामावर जाताना मी बाबांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावते. वाचताना तुला कसं वाटलं असेल ते मला कळतं. लावताना मलाही तसंच वाटतं. पण तुझ्या लक्षात आलंच असेल की मी कुणाला कोंडतेय. ते खिडकीतून हात बाहेर काढून तारेने कुलूप काढतात, बाहेर येतात, पुन्हा व्यवस्थित लावतात, दोनदा ओढून बघतात आणि जातात. मी घरी येते तेव्हा कुलूप जागेवर आणि घर रिकामं.

सध्या ते लांब जात नाहीत. आपल्या जिन्यातच फेरी घालतात. इमारत जवळजवळ रिकामी झालीये, आणि माणसं गेली की ठेकेदार पहिल्यांदा दारंच काढून नेतो. परवा बाबा मास्तरीणबाईंच्या घरासमोर उभे होते. कडीच्या उंचीवर हात नेला, तिथे काही नव्हतं. पुन्हा नेला. मग हात तसाच ठेवून उभे राहिले, खूप वेळ. मी भिंतीआडून बारीक आवाज काढून म्हटलं, ‘लागलंय!’ आणि ते हलले. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या पुढे पुढे पळत रिकाम्या घरांत शिरते. मास्तरीणबाईंचा आवाज बारीक, खालच्या ड्रायव्हरचा जाडा. काल बाबा मला म्हणाले, “ड्रायव्हरला सर्दी झालेली दिसते, काढा दे त्याला.”

बाकी सर्व कुशल. वहिनीला नमस्कार, मुलीला गोड पापा.

तुझी धाकटी

ता. क. लिहायचं राहिलं. महिनाअखेर आपली इमारत पाडणार. त्या नव्या खोलीच्या व्हरांड्यात ओळीने अनोळखी दारं आहेत, आणि मी दिवसभर कामावर. तिथली माणसं बाबांना एकदा समजून घेतील, दुसऱ्यांदा मारतील. फ्लॅट मिळेपर्यंत त्यांना तुझ्याकडे नेशील का? त्रास काही नाही. रात्री तुझं दार दोनदा ओढतील. झोपेतही ‘लागलंय, बाबा’ म्हटलंस की जाऊन झोपतात.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवून ठेवलं होतं, बाबांनी दोनदा ओढून बघितलं आणि ते उघडलं, म्हणून हे आणखी. कुणाला पत्र, म्हणून विचारलं. मी सांगितलं. काही दिवस दादाकडे जाल का, असंही विचारून टाकलं. ते म्हणाले, मी गेल्यावर बाजार कोण बघणार? मी म्हटलं, मी बघेन. तर मला दाराशी उभं करून झटका कसा द्यायचा ते शिकवत बसले. माझा झटका मनगटात कच्चा आहे म्हणाले. तरी जायला तयार आहेत. त्यांची पिशवी दाराशी ठेवलीये.

ता. क. शेवटचा. आधीची दोन पत्रं तुला मिळाली असतील. हे तिसरं आहे, दादा.