बर्फ रोज वीतभर सरकतो

मंगळवार, संध्याकाळ. एकलहरे.

आज ह्यांचा व्हिडिओ कॉल आला. दक्षिण ध्रुवाकडं बर्फ मोजणाऱ्या साहेबांसोबत हे जनरेटर सांभाळायला गेलेत. म्हणाले, "सॅटेलाइटवर दिसतं, आमच्या पायाखालचा बर्फ रोज वीतभर समुद्राकडं सरकतो."

वीतभर? मी फरशीवर वीत घालून पाहिली. पण वीत माझी का ह्यांची, ते विचारायचं राहिलंच.

हे हसत व्हते. "अगं, काय व्हत नाय. छकुली काय करते?"

म्हटलं, "रांगायला लागली. सकाळी पार जिन्यापर्यंत गेली."

ह्यांचं हसू गेलं. "जिन्याला फळी लाव. आत्ता लाव, मी बघतो."

फोन भिंतीला टेकवून फळी ठोकली. समुद्राकडं चाललेला माणूस मलाच वरडतोय, "हलते बघ, अजून एक खिळा मार."