पुन्हा फटफटी

जठारपेठ, अकोला
१७ जानेवारी १९६५

तीर्थरूप अक्कास, धर्मपालचा सविनय जय भीम.

आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या शाळेची तपासणी नीट पार पडली असेल असे धरून चालतो.

बातमी अशी की, आमच्या गुरांच्या दवाखान्यात माझ्याकडे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त गावे आली आहेत. जातो सायकलनेच, पण परत येताना गुडघा साथ देत नाही. साहेब म्हणाले, लढाईच्या काळात तू पलटणीची डाक मोटरसायकलवरून नेत होतास, मग आता का घेत नाहीस? मी हसून वेळ मारून नेली. बडनेऱ्याच्या पुलावर पडल्यापासून मी हँडलला हात लावलेला नाही, हे त्यांना कुठे ठाऊक? त्याला आता पंधरा वर्षे होतील.

पण विचार डोक्यात बसला तो बसलाच. इथे जुन्या शहरात नबी मिस्त्री होते, ते गेल्या वर्षी वारले. लष्कराच्या लिलावात घेतलेली त्यांची बीएसए त्यांच्या पत्नी सईदाबी यांनी विकायला काढली आहे. चांगली दणकट, मी पलटणीत चालवायचो तशीच. नवी राजदूत घ्यावी तर नाव नोंदवून वाट पाहत बसावे लागेल, असे ऐकतो. माझे मन जुनीकडे ओढते. दुर्गाला अजून सांगितलेले नाही. ती तुझा शब्द मानते. तिला चार ओळी लिहिशील का?

उत्तराकडे डोळे लावून बसलो आहे. माया असू दे.

तुझा धर्मपाल


अमरावती
२५ जानेवारी १९६५

चि. धर्मपाल यास अक्काचे अनेक आशीर्वाद. दुर्गास जय भीम.

तुझे पत्र पोचले. नवऱ्याची वकिली मी बायकोकडे करणार नाही. तू पडलास तेव्हा मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते आणि दुर्गा दाराशी उभी होती. तिच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. पायाचे प्लास्टर निघाले त्या दिवशी, गाडी विकून टाका, एवढेच ती बोलली. तिला काय सांगायचे ते तूच सांग.

मात्र मी स्वस्थ बसलेली नाही. शाळा सुटल्यावर इथल्या दुकानात जाऊन राजदूत पाहून आले. दुकानदाराला वाटले, बाई मुलासाठी विचारत आहेत. बेचाळीस वर्षांच्या भावासाठी, असे सांगितले तेव्हा त्याने विचारले की त्यांना चालवता येते का. मी म्हटले, तेच तर पाहायचे आहे. गाडी हलकी आहे. मी तिच्यावर बसले तर माझेसुद्धा पाय जमिनीला टेकले. दुकानातले सगळे लोक काम सोडून बघत होते, ते असो.

एक विचारते. तुला जुनी गाडी हवी आहे की जुना धर्मपाल हवा आहे? तो भलता उडाणटप्पू होता. साहेब त्याला एक महिनाही नोकरीत ठेवणार नाहीत. तेव्हा काय घ्यायचे ते घे, पण आधी चालवून पाहा आणि खरे काय ते मला कळव.

आहे तोच लोभ पुढेही असेल, मागायची गरज नाही.

तुझी अक्का


अकोला
११ फेब्रुवारी १९६५

तीर्थरूप अक्कास धर्मपालचा जय भीम.

खरे काय ते कळवतो. रविवारी जुन्या शहरात गेलो. सईदाबींनी गाडी पुसून गल्लीत उभी करून ठेवली होती. किक मारताना गुडघ्यातून कळ गेली, तरी गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकला आणि मला वाटले, मध्ये काही घडलेच नाही. बाजार ओलांडून मोर्णा नदीच्या पुलापर्यंत छान गेलो.

पुलावर समोरून कापसाची गाडी आली. बैल शांत होते, जागाही भरपूर होती. पण माझे हात गार पडले. गाडी थांबवून, दोन्ही पाय टेकून मी तसाच उभा राहिलो. बैलगाडीवाल्याने विचारले, पेट्रोल सरलं का? मी हो म्हटले. मग उतरलो आणि ती ढकलत परत नेली. थंडीच्या दिवसांत सदरा घामाने भिजला. सईदाबींनी पाणी दिले.

विषय संपला असे समज. सायकल आहे, ती पुरे आहे. दुर्गाला यातले काही कळवू नकोस. प्रकृतीला जप.

तुझा धर्मपाल


अकोला
३ मार्च १९६५

आदरणीय अक्का यायले दुर्गाचा जय भीम. माझं अक्षर सांभाळून घ्या.

हे तुमाले लिहितात अन् मले सांगत नाहीत, पण जठारपेठेत काही लपत नाही. यायनं फटफटी ढकलत नेली हे भाजीवालीनं मले त्याच दिवशी सांगितलं. मनात म्हटलं, बरं झालं, कटकट गेली.

पण यायच्या एका गावात सहदेव म्हणून एक जण आहे, मागच्या हप्त्यात त्याची म्हैस अडली. निरोप आला तसे हे सायकलीवर निघाले. पोचले तवा म्हैस गेली होती, पोटातलं पारडूही गेलं. सहदेव यायले एक शब्द बोलला नाही, उलट चहा पाजला म्हणे. तेच यायले जास्त लागलं. घरी आले तं गुडघा मडक्यासारखा सुजला होता. शेकायले बसली तं म्हणे, "मी लवकर पोचलो असतो तं वाचली असती." दोन दिवस दुसरं काही बोलले नाही.

मंग मी सईदाबीकडे गेली. यायले सांगितलं नाही. त्यायले म्हटलं, गाडी आमालेच द्या, मी यायची समजूत काढते. त्या म्हणे, गाडी चांगली आहे अन् मले गिऱ्हाइकही पाहिजे, पण भाईले ही देणार नाही. पुलावरून आले तवा भाईचे हात मी पाहिले. त्यायले हलकी गाडी पाहा.

यायले आलेलं तुमचं पत्र मी वाचलं, तुमी पाहिली ती गाडी हलकी आहे म्हणता. वापरलेली कुठं भेटते का पाहा, नवीची वाट पाहाले आता दम नाही. मी मांगं बसीन. एकटे असले की यायले जुनं आठवते. मी मांगून बोलत राहीन. भेव मलेही वाटते, ते मात्र यायले सांगू नका.

थोरल्यांचा हात डोक्यावर राहू द्या.

तुमची दुर्गा


अमरावती
२२ मार्च १९६५

चि. धर्मपाल व चि. दुर्गा यांस अक्काचे आशीर्वाद.

चांदूर बाजारचे शालिकराम मास्तर माझ्या शाळेतल्या बाईंचे भाऊ. हौसेने राजदूत घेतली आणि कंबर धरली म्हणून अंगणात झाकून ठेवली आहे. मी जाऊन पाहिली. मास्तरांच्या मागे बसून बाजारातून एक चक्करही मारली. मास्तर एवढे सावकाश चालवतात की कोंबड्यासुद्धा हटत नव्हत्या, त्यामुळे गाडीला काही झालेले असेल असे वाटत नाही.

धर्मपाल, दुर्गाला सारे ठाऊक आहे. रागावू नकोस आणि लाजू तर मुळीच नकोस. पुढच्या शनिवारी दोघे या. दुर्गा येणार नसेल तर तूही येऊ नकोस, हे मी विचार करून लिहीत आहे.

स्वयंपाक करून ठेवते.

अक्का


अकोला
१८ एप्रिल १९६५

तीर्थरूप अक्कास दोघांचा जय भीम.

पत्राला उशीर झाला. गाडी आल्यापासून बसणे कमी झाले आहे.

मास्तरांची गाडी घेऊन त्या सकाळी तुझ्या दारातून निघालो तेव्हा मला अजिबात खात्री नव्हती. दुर्गा मात्र पहिल्या वळणापासून जे बोलत सुटली ते थांबेना. शेजारीण, तिची सून, रॉकेलची रांग, सगळे झाले. बडनेऱ्याचा पूल दिसला तशी माझी मूठ आपोआप ढिली पडली, गाडी थांबायला आली. दुर्गाने बोलणे तोडून माझा खांदा गच्च धरला. मग ती म्हणाली, "थांबू नका. मले घरी जाऊन भाकरी टाकाच्या आहेत." मी गिअर टाकला. पूल कधी सरला ते कळले नाही, कारण ती पुन्हा शेजारणीच्या सुनेवर आली होती. मूर्तिजापूरला चहा घेतला तेव्हा आम्ही दोघेही जरा जास्तच हसत होतो.

आता मी एकटाही जातो. आणि काल पडलो. घाबरू नकोस, नीट वाच. गाडीवाटेला घोटाभर फुफाटा होता, पुढचे चाक त्यात रुतले आणि गाडीसकट मी आडवा झालो. कोपर सोलले, तोंडात माती गेली. उठायचे सोडून थोडा वेळ तिथेच बसून राहिलो. इतकी वर्षे ज्याची धास्ती घेतली होती ते घडून गेले होते, आणि मी बसलो होतो. शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटणारी एक बाई धावत आली आणि लागलं का म्हणून विचारू लागली. मी नाही म्हटले. तिने एका बाजूने धरले, आम्ही गाडी उभी केली आणि मी पुढे गेलो. ज्या गाईसाठी निघालो होतो तिचे वासरू पोटात उलटे होते. वेळ लागला, पण जिवंत निघाले.

घरी येऊन पडल्याचे मीच दुर्गाला सांगितले. तिने कोपर धुतले, हळद भरली. मग म्हणाली, "पोचले होते का वेळेवर?"

मी म्हटले, पोचलो.

"मंग झालं तं," म्हणून ती ताट वाढायला उठली.

सवड काढून ये. स्टेशनवर घ्यायला मीच येईन.

तुझा धर्मपाल