मोहाच्या वाटेवरचा कॅमेरा

माय,

भिंतीवर तुझा फोटो लावला आहे. हातात दगड, डोळे वटारलेले, तोंड शिवी देता देता उघडं राहिलेलं. नवा पाहुणा आधी दचकतो, मग विचारतो, ह्या कोण? माझी आई, म्हणते मी, आणि चहा ठेवायला जाते.

फोटोचा तुला भारी राग. लग्नात फोटोवाला पंगतीत आला की तू पदर तोंडावर ओढायचीस. मी पहिला मोबाईल आणला तेव्हा तू पाट्यावर मिरच्या वाटत होतीस. मी गुपचूप फोटो काढला आणि तू त्याच तिखट हाताने माझ्या थोबाडीत दिलीस. "मले विचारलं काय तुनं? मी काय बाजारातली गाय आहो?" फोटो मी तिथेच पुसला, तरी संध्याकाळपर्यंत गाल चरचरत होता. मग वनखात्याने वाघ मोजायला मोहाच्या वाटेवर झाडाला कॅमेरा बांधला. समोरून काहीही गेलं की त्यात आपोआप फोटो निघायचा. गावातल्या बाया त्याच वाटेने मोहाची फुलं वेचायला जात, तिथेच आडोशाला बसत. "आमची लाज झाडाले बांधून ठेवली मेल्यायनं," तू म्हणालीस.

चैतातल्या त्या सकाळी तू एकटीच पुढे गेलीस. वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला जनावर वाटतो म्हणतात. त्याने तुझी मान धरली. मी पोचले तेव्हा टोपली उलटी पडली होती, फुलं रक्तात भिजून काळी झाली होती, आणि गावातली माणसं तुझ्याभोवती मोबाईल धरून उभी. मी एकाचा मोबाईल हिसकावला आणि चुरा होईपर्यंत दगडावर आपटला. दुसऱ्याच्या मनगटाला चावले. खरंच चावले, माय. तरी संध्याकाळपर्यंत तुझी फाटलेली मान आपल्याच नातेवाइकांच्या मोबाईलवर फिरत होती.

तुझी माती झाल्यावर वनरक्षकाने मला बोलावलं. वाघ धरायचा तर तो कोणता हे कळायला हवं होतं, आणि कॅमेरा तर फुटलेला. "तुह्या मायनं गोटा मारला नसता त वाघ समजला असता, बाई. आता कोणाले धरू?" मी त्याची कॉलर धरली. तो हलला नाही. "मार," म्हणाला, "पण आधी हे पाह्य." आतलं कार्ड मात्र शाबूत होतं. कॉम्प्युटरवर तू होतीस, त्याच सकाळची, जिवंत, दगड उगारलेली.

आधार कार्डावरचा काळपट डाग सोडला तर तुझा जिवंतपणीचा दुसरा फोटोच नव्हता. तोच मोठा करायला नेला, तर स्टुडिओवाला म्हणाला, "असा नोका लावू, बाई. मी तोंड बंद करून देतो, गोट्याच्या जागी पूजेचं ताट देतो." त्याला मी नको ते बोलले. कॅमेऱ्याला तू आपल्या मनाने दिलेला तो एकच चेहरा, त्यात कोणी हात घालायचा नाही.

हे मी सगळ्यांना सांगते. एक सांगत नाही, आणि हे पत्र कुठे पोचायचं नाही म्हणून इथे लिहिते. कार्डावर दगडाच्या आधीचाही एक फोटो होता. कॅमेरा तुला अजून दिसलेला नाही. पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं, तोंडात मोहाचं फूल, आणि तू एकटीच हसते आहेस. घरात तुला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो तू दिलेला नाहीस, तुझ्याकडून चोरलेला आहे. त्यासाठी तू कोणाचेही हात तोडले असतेस. म्हणून वनरक्षकाला मी तो तिथल्या तिथे पुसायला लावला. त्याआधी मात्र माझ्या मोबाईलवर घेतला.